मुंबईत पहिली गाडी: नवी लीजवर घ्यावी की जुनी विकत?

मुंबईत नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाला घर लागलं की पुढचा विषय गाडीचा निघतो. पूर्वी दोनच वाटा होत्या: कर्ज काढून नवी, नाहीतर कुणाच्या ओळखीने सेकंडहँड. आता तिसरी आली आहे. नवी कोरी गाडी महिन्याच्या भाड्यावर, म्हणजे लीजवर. जाहिरातीत ती फार सोपी दिसते. डाउन पेमेंट नाही, इन्शुरन्सची कटकट नाही, सर्व्हिसिंगचा खर्च नाही. उलट जुन्या गाडीचं नाव काढलं की सगळेच घाबरवतात. मी नाशिकहून इथे आलो तेव्हा या दोन्ही वाटांचे कागद समोर ठेवून बसलो होतो, आणि पुढे ओळखीतल्या बऱ्याच जणांसोबत गाड्या बघत फिरलो. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. मुंबईत खासगी गाडी चालते कमी आणि उभी जास्त राहते. आठवडाभर लोकल नाहीतर मेट्रो, शनिवार-रविवारी गाडी, वर्षातून काही वेळा गावी. लीजचं भाडं मात्र उभ्या गाडीलाही तेवढंच लागतं. म्हणून बहुतेक नव्या मुंबईकरांना नीट तपासून घेतलेली जुनी पेट्रोल गाडीच परवडते. लीज काही जणांना खरोखर फायद्याची आहे. ते कोण, हे चौथ्या पायरीत येईल.

१. गाडीआधी जागा बघा

भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करारात पार्किंग लिहिलेलं आहे का ते वाचा. ब्रोकर तोंडी ‘पार्किंग मिळेल’ म्हणतो आणि सोसायटीच्या ऑफिसात गेल्यावर कळतं की घरमालकाच्या नावावर जागाच नाही, किंवा भाडेकरूला वेगळं शुल्क आहे. सेक्रेटरींकडून जागेचं लेखी घ्या. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारं) असेल तर उंचीची आणि वजनाची मर्यादा विचारा. उंच एसयूव्ही कित्येक ठिकाणी त्यात बसतच नाही.

मग वॉचमनला एक प्रश्न विचारा: पावसात इथे पाणी कुठपर्यंत येतं? हिंदमाता, सायन, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण तुमच्या गल्लीचं पाणी वॉचमनलाच माहीत असतं.

२. तीन उत्तरं कागदावर लिहा

मुंबईत किती वर्षं राहणार? वर्षाला किती किलोमीटर चालवणार? पैसे कोण भरणार, तुम्ही की कंपनी?

किलोमीटरचा अंदाज बहुतेकांचा फुगलेला असतो. रोज गाडीने ऑफिसला गेलात आणि येऊन-जाऊन ३० किलोमीटर धरले, तरी महिन्याच्या २२ दिवसांचे ६६० होतात, वर्षाचे जेमतेम ८,०००. पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी सातला एकदा अडकलात की रोज गाडीने जाण्याचा उत्साह आपोआप ओसरतो. शक्य असेल तर पहिले दोन-तीन महिने कुठलीच गाडी घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी लागली तर सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने घ्या. तुमची खरी गरज त्या काळात कळते.

३. लीज समजून घ्या

लीजचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला तुमच्या कंपनीमार्फत: गाडी लीज कंपनीची, भाडं तुमच्या पगाराच्या रचनेतून जातं आणि त्यामुळे करात बचत होते. दुसरा थेट ग्राहकाला मिळणारा, ज्याला सबस्क्रिप्शनही म्हणतात. मारुती, महिंद्रा, ह्युंदाईसारख्या उत्पादकांनी लीज कंपन्यांसोबत अशा योजना आणल्या आहेत. यात नंबर पाटीचा रंग विचारून घ्या. पांढऱ्या पाटीच्या योजनेत गाडी बहुधा तुमच्या नावावर नोंदवतात आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) लीज कंपनीचा बोजा, म्हणजे तिच्या हक्काची नोंद, चढतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी कंपनीच्या नावावर, भाड्याची म्हणून नोंदवलेली असते. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर वैयक्तिक नोंदणीपेक्षा बराच जास्त बसतो आणि तो शेवटी भाड्यातूनच वसूल होतो.

करार हातात आला की जाहिरात बाजूला ठेवा आणि एवढं शोधा:

- सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरला आहे का. बहुतेकदा नसतो.
- वर्षाला किती किलोमीटरची मुभा, आणि त्यावर प्रत्येक किलोमीटरला किती रुपये. कमी चालवलं तर काही परत मिळतं का, हेही विचारा.
- मुदतीआधी गाडी परत केली तर दंड किती. नोकरी बदलली तर काय, याचं उत्तर कंपनी लीजमध्ये एचआरकडून लेखी घ्या. साधारणपणे गाडी विकत घ्यावी लागते, नवीन कंपनीकडे करार हलवावा लागतो किंवा दंड भरून सोडावी लागते.
- परत करताना ‘नेहमीची झीज’ म्हणजे काय. मुंबईत बंपरला ओरखडा न पडता वर्ष जात नाही. किती लांबीचा ओरखडा माफ, हे लिहिलेलं असलं पाहिजे.
- इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन आहे का. साचलेल्या पाण्यात इंजिन सुरू केल्याने ते जाम झालं, तर साधी पॉलिसी तो खर्च देत नाही.
- टायर आणि बॅटरी कुणाच्या खर्चाने.

हे तोंडी विचारून भागत नाही. उत्तर कराराच्या कोणत्या कलमात आहे ते दाखवायला सांगा.

४. हिशोब महिन्यावर आणा

हे आकडे फक्त रीत समजण्यासाठी आहेत, तुमचे आकडे तिथे भरा. समजा छोट्या नव्या गाडीचं लीजभाडं कर धरून महिना २५,००० रुपये, मुदत ३ वर्षं. एकूण ९ लाख गेले आणि गाडी परत दिली.

आता तसलीच, काही वर्षं वापरलेली गाडी ६ लाखांना घेतली असं धरा. नावावर करणं, इन्शुरन्स, टायर-बॅटरी असे सुरुवातीचे ५०,०००. पुढचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग ३ वर्षांत १,०५,०००. अचानक निघणाऱ्या कामांसाठी ६०,०००. तीन वर्षांनी विकून ३,७५,००० आले. निव्वळ खर्च ४,४०,०००. सुरुवातीला अडकलेल्या साडेसहा लाखांवर ७ टक्क्यांनी बुडालेलं साधं व्याज १,३६,५००. सगळं मिळून ५,७६,५००, म्हणजे महिन्याला साधारण १६,०००.

महिन्याचा ९,००० रुपयांचा फरक ही नव्या गाडीची आणि निवांतपणाची किंमत आहे. ती द्यायला हरकत नाही, पण देतो आहोत हे माहीत असावं. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो, तो धरून मांडा.

लीज मी कुणाला सुचवतो? ज्यांच्या कंपनीत पगारातून लीजची सोय आहे, जे आयकराच्या वरच्या टप्प्यात आहेत आणि मुदतभर त्याच कंपनीत टिकणार आहेत, त्यांनी एचआरकडून करासहित हिशोब मागवावा. तिथे चित्र पालटू शकतं. दुसरे म्हणजे इलेक्ट्रिक गाडी हवी असलेले. बॅटरीची तब्येत आणि पुढची विक्रीकिंमत हा धोका लीज कंपनीच्या अंगावर राहतो, हे मोठं आहे. फक्त सोसायटी चार्जर बसवू देते का ते सही करण्याआधी विचारा. तिसरे, ज्यांचं मुंबईतलं वास्तव्य ठरावीक काळाचं आहे आणि नंतर गाडी विकण्याच्या मागे लागायला वेळ नाही.

इथून पुढच्या पायऱ्या जुनी घेणाऱ्यांसाठी.

५. गाडी शोधणं आणि किंमत ठरवणं

उत्पादकांची जुन्या गाड्यांची दालनं, ऑनलाइन कंपन्या, स्थानिक डीलर आणि थेट मालक, असे चार मार्ग. पहिल्या दोन ठिकाणी किंमत जास्त, वॉरंटी थोडी. थेट मालकाकडून घेतलेली गाडी सगळ्यांत स्वस्त पडते आणि तिचा इतिहासही तोच नीट सांगतो. सोसायटीचा सूचनाफलक आणि ऑफिसातला ग्रुप आधी बघा. डीलरकडे गेलात तर आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं.

किंमत ठरवताना मालकाचं जुनं बिल धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. ज्याने त्याआधी नवी गाडी घेतली तो म्हणतो, ‘मी इतक्याला घेतली’. तुम्ही आजची ऑन-रोड किंमत काढा आणि तिथून खाली मोजा. डीलरने पूर्ण किंमतीवर १८ टक्के जीएसटी लावला तर थांबा. जुन्या गाडीवर तो साधारणपणे डीलरच्या नफ्यावर असतो. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात जीएसटी नाहीच.

इंधनाचं मुंबईपुरतं सांगतो. बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांनुसार बनलेल्या) डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि खर्च मोठा येतो. महिन्यातून दोनदा एक्सप्रेसवे होत नसेल तर डिझेल नको. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का हे तपासायला समिती नेमली, त्यामुळे दहा वर्षांचा विचार करून डिझेल घेणं मला धाडसाचं वाटतं. सीएनजी असेल तर आरसीवर आणि इन्शुरन्सवर तशी नोंद हवी, आणि टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ती ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) इंधनासाठी बनली आहे का हे उत्पादकाकडून विचारून घ्या.

६. घराबाहेर पडण्याआधी कागद

मालकाकडून आरसीचा फोटो मागवा. देत नसेल तर जाऊ नका. गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाका आणि हे जुळवा: कितवा मालक, नोंदणीची तारीख, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा. थकलेले ई-चलान वेगळे बघा. मुंबईत ते हजारांत निघतात आणि सौदा झाल्यावर कुणी भरत नाही.

नंबरही बरंच सांगतो. एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. बाहेरच्या पासिंगची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते. परराज्यातली असेल तर महाराष्ट्राचा कर पुन्हा भरायचा आणि नवा नंबर घ्यायचा. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. त्या स्वस्ताईतून कर आणि खेटे वजा केले की फारसं उरत नाही. आधी टॅक्सी म्हणून चाललेली आणि मग खासगी करून घेतलेली गाडी असेल तर तेही इतिहासात शोधा.

सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मालकामार्फत काढून घ्या. मीटरवरचे किलोमीटर आणि सर्व्हिसच्या नोंदी तारखांसह जुळायला हव्यात.

७. गाडी बघायला जाताना

दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना जा, आणि मिस्त्री सोबत न्या. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, गाडी घेतली नाही तरी द्या. मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर विचारा का. थंड इंजिनचा पहिला आवाज आणि पहिला धूर ऐकायचा-बघायचा असतो.

पाण्यात गेलेली गाडी ही मुंबईतली सर्वांत मोठी भीती, आणि ती ओळखता येते. चेंबूरला एका सोसायटीत मित्रासाठी गाडी बघायला गेलो होतो. बाहेरून चकचकीत, आत सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट. आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलंही नाही. ते मागच्या सीटवर बसले, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला आणि म्हणाले, ‘हे बघा साहेब.’ वरचा हातभर पट्टा स्वच्छ काळा, आणि त्यापुढे, जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो, त्यावर वाळलेल्या गाळाची राखाडी रेघ. मालक म्हणाला, ‘धुतली होती परवा.’ मिस्त्रींनी डिकीतली स्टेपनी उचलली, खालच्या खोबणीत बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली बारीक माती त्याला दाखवली. आम्ही नमस्कार करून निघालो. तुम्हीही हेच करा: सगळे पट्टे पूर्ण ओढा, स्टेपनीखाली बोट फिरवा, सीटच्या रुळांचा गंज बघा, मॅटखालचं कार्पेट उचलून वास घ्या, हेडलाइटच्या आत बाष्प आहे का बघा.

दुसरी गोष्ट, कमी किलोमीटरला भुलू नका. इथे ३०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन तितकंच अंतर महामार्गावर कापलेल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त तास सुरू राहिलेलं असतं, आणि क्लच त्याहून जास्त वेळा दाबलेला. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर आणि चालकाच्या सीटची कड बघा. झीज मीटरपेक्षा खरं बोलते. गाडी चढावर न्या. क्लच अगदी वर येऊन सुटत असेल किंवा इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नसेल तर क्लचचं काम आलं. एसी सिग्नलला उभ्या गाडीत दहा मिनिटं चालवून बघा. धावत्या गाडीत सगळेच एसी थंड असतात.

अपघात बघायचा तर बॉनेट आणि पुढच्या फेंडरचे (चाकांवरच्या पत्र्यांचे) बोल्ट निरखा. रंग उडालेला किंवा पान्याच्या खुणा असतील तर ते उघडले गेले आहेत. काचांवरचे छाप एकाच कंपनीचे, जवळपास एकाच वर्षाचे असावेत. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. वरळी, वर्सोव्यासारख्या समुद्रालगत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा खालचा पत्रा टॉर्च लावून बघा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. जुन्या, स्वस्त मॉडेलमध्ये पुढच्या प्रवाशाला एअरबॅग आहे का, हेही विसरू नका.

८. पैसे आणि नाव

टोकन थोडंच द्या आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, ‘कागदांत दोष निघाल्यास टोकन परत’ हे लिहून घ्या. उरलेली रक्कम फक्त आरसीवरच्या मालकाच्या खात्यात, बँकेतून. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. गाडीवर कर्ज असेल तर पैसे थेट त्या कर्जखात्यात भरा आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय बाकीचे देऊ नका.

लागणारे कागद:

- मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी
- मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विक्रेत्याच्या सह्यांसह, चेसिस नंबरच्या पेन्सिल ठशासह
- कर्ज फिटलं असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी
- दुसऱ्या आरटीओची गाडी असल्यास फॉर्म २८ ची एनओसी
- दोघांचे पॅन, आधार, फोटो
- तुमचा मुंबईचा पत्ता: नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्स करार
- तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी पावती, दोघांच्या सह्यांची

अर्ज आणि शुल्क परिवहन पोर्टलवर भरता येतं. विक्रेता ‘कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो, सावकाश करा’ म्हणाला तरी सावकाश करू नका. तोही अडकतो: नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. पॉलिसी संपलेली असेल तर गाडी चालवत घरी आणू नका.

९. घरी आणल्यावर

जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा आणि तुमच्या नावाचा घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, पण अटल सेतू आणि एक्सप्रेसवेला लागतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल आणि पाटी साधी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर पाटी) लगेच बुक करा. ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल आधीच्या मालकाने काहीही सांगितलं तरी बदला. मेच्या अखेरीस वायपरची रबरं, दारांची रबरं आणि ब्रेक बघून घ्या, इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन वाढवा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मधे एकदा बॉनेट उघडा; सोसायटीतले उंदीर वायरी कुरतडतात आणि ते पहिल्याच दिवशी दिसलं तर काम शे-दोनशे रुपयांत भागतं.